सोळावर बांधलेलं कडं

सादिरबाय खाष्ट होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अख्ख्या मुर्गाब गावात त्याच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती. चहात मीठ कमी पडलं तरी तो करणाऱ्याचा उद्धार करायचा. पण पोटावर पालथा पडून बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला, की हाच माणूस असा गप्प व्हायचा की शेजारच्या पाहुण्याला वाटावं, म्हाताऱ्याला डुलकी लागली की काय! मग हळूच आवाज यायचा, "चारशे. दुसरी रेघ धर. वारा डावीकडून आहे, अर्धं घर सोड." पाहुणा चाप ओढायचा आणि पलीकडच्या उतारावरचा रानमेंढा जागच्या जागी बसायचा.

एकेचाळीस वर्षं त्याने हेच केलं. सरहद्दीवर शिपाई असताना रेघांनी अंतर मोजायला शिकला. पुढे झोल्चूने ताश-काप्काच्या खोऱ्यात शिकारीचा कॅम्प काढला, तेव्हा परवाने घेऊन येणाऱ्या परदेशी पाहुण्यांबरोबर सादिरबाय वाटाड्या म्हणून जाऊ लागला. गणित साधं होतं. आपल्या डोंगरातला मोठा नर मेंढा खुरापासून पाठीपर्यंत एक मीटर वीस भरतो. दुर्बिणीच्या काचेत उभ्या रेघेवर बारीक आडव्या रेघा असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. दोन पायऱ्यांमधल्या जागेला तो घर म्हणायचा. मेंढा तीन घरांत बसला तर चारशे मीटर. अडीच घरांत बसला तर चारशे ऐंशी, दोन घरांत तर सहाशे. जितकं अंतर जास्त, तितकी गोळी खाली पडणार, म्हणून तितकी खालची रेघ मेंढ्यावर धरायची. बास, एवढंच. पण ते एवढंसं करायला डोळा लागतो.

त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ ताश्तान असायचा. दोघांत चौदा वर्षांचं अंतर. बाप लवकर गेला, त्यामुळे ताश्तानला मोठं केलं ते सादिरबायनेच, आणि तेही शिव्या घालत घालत. ताश्तान सत्तेचाळीस वर्षांचा झाला, पोराबाळांचा बाप झाला, तरी थोरल्याने आवाज चढवला की मान खाली घालायचा. बंदूक सांभाळणं, ती पाहुण्यासाठी लावून देणं, याकच्या पाठीवर सामान बांधणं ही सगळी कामं त्याची. थोरल्याला तो "बाइके" म्हणायचा, कधी उलटून बोलायचा नाही. त्याची बायको बुरुल मात्र म्हणायची, "तुमच्या भावाची जीभ म्हणजे करवत आहे हो." तो हसायचा. "करवत आहे म्हणून तर घरात सरपण आहे."

गेल्या शरद ऋतूत झोल्चू कॅम्पच्या बंदुकीसाठी दोन नवीन दुर्बिणी घेऊन आला. दोन्ही चहाच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "एक ठेवायची, दुसरी परत जाणार. तुम्ही दोघं बघा आणि सांगा."

पहिलीच्या काचेतल्या रेघा झूमबरोबर लहानमोठ्या होत होत्या. झूम कितीही ठेवा, रेघांचं माप खरंच. पण रेघा केसासारख्या बारीक, आणि खाली ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी. दुसरीच्या रेघा जाड, ठसठशीत. पण त्या कायम तेवढ्याच राहायच्या, म्हणून त्यांचं माप खरं ठरायचं ते फक्त सोळावर. झूमचं कडं सोळाच्या खाली फिरलं की माप खोटं, गोळी वरून जाणार.

"पहिली घ्या," ताश्तान लगेच म्हणाला. "पाहुणे कडं फिरवतातच, बाइके. त्यांना सगळा कळप बघायचा असतो. हिच्यात कुणी काहीही फिरवलं तरी फसगत नाही."

सादिरबायने पहिली दुर्बीण डोळ्याला लावली, खिडकीतून समोरच्या कड्याकडे रोखली. बराच वेळ रोखली. मग धाडकन टेबलावर ठेवली.

"ही काय जाळी आहे की कोळ्याचं घर? मेंढा बघू की ठिपके मोजत बसू? दुसरी ठेव."

"पण बाइके, हिच्यात..."

"मला शिकवतोस? तू लंगोट भिजवत होतास तेव्हापासून मी रेघा मोजतोय!"

झोल्चू खो खो हसला. ताश्तान हसला नाही. त्याने पहिली दुर्बीण पुन्हा थोरल्याच्या हातात दिली आणि हलक्या आवाजात विचारलं, "सगळ्यात खालच्या रेघेपाशी आकडा कोणता आहे, बाइके?"

"मी काय शाळेत आलोय परीक्षा द्यायला?"

ताश्तान क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग झोल्चूला म्हणाला, "जाड रेघांचीच ठेव. बाइके म्हणतात ते बरोबर आहे."

सादिरबायला जिंकल्यासारखं वाटलं. आता खोटं कशाला बोलायचं, त्याला त्या बारीक रेघा दिसल्याच नव्हत्या. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, आणि उजव्यावर दोन वर्षांपासून दुधाळ पडदा चढत होता. आधी त्याला वाटलं दुर्बिणीची काच मळलीय, म्हणून पुसपुस पुसली. मग कळलं की मळ काचेवर नाही. हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. बायको आधीच गेलेली, पोरं नाहीत. डोंगरावरून उतरवलं तर मुर्गाबच्या बाजारात कंटेनरच्या दुकानांसमोर ऊन खात बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करायचा, हे त्याला नको होतं. जाड रेघा अजून दिसत होत्या. भागत होतं.

थंडीसाठी म्हणून बुरुलने दुर्बिणीवर चढवायला नमद्याचं, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरीचं झाकण शिवून दिलं. डोळ्याकडची बाजू आणि पुढची काच तेवढी उघडी, बाकी सगळी दुर्बीण झाकणात. हंगाम सुरू झाला.

फेब्रुवारी लागला होता. हंगाम संपायला दोन आठवडे उरले होते. त्या दिवशीचा पाहुणा वयस्क होता, विरळ हवेने त्याला धाप लागत होती, ओठ निळे पडले होते. तरी सकाळी दहाच्या सुमारास समोरच्या उतारावर सात नर दिसले. सगळ्यात मोठ्याची शिंगं दीड वळसा घेऊन बाहेर वळलेली. हवेत बर्फाची बारीक भुकटी उडत होती. ताश्तानने अंतर मोजायचं लेझर यंत्र लावलं, तर त्याने बत्तीस मीटर दाखवलं. भुकटीवरच किरण आपटत होता.

"ठेव ते खेळणं खिशात," सादिरबाय म्हणाला आणि बंदुकीमागे आडवा झाला.

मेंढा काचेत आला. पाठ दिसली, मान दिसली. सादिरबायने पाठीवर एक रेघ टेकवली आणि खाली मोजत आला. या मेंढ्यांचे पाय पांढरे असतात. खाली बर्फ पांढरं, हवेतली भुकटी पांढरी, आणि डोळ्यातला पडदाही पांढरा. जिथे त्याला मेंढा संपल्यासारखा वाटला, तिथे खूर नव्हते. तिथे नुसते गुडघे होते.

"अडीच घरं," तो म्हणाला. "चारशे ऐंशी. तिसरी रेघ धरायला सांग."

ताश्तान काहीतरी बोलणार होता. "बाइके, मला वाटतं थोडं जवळ..."

"तुला काय वाटतं ते घरी बायकोला सांग. तिसरी रेघ!"

ताश्तानने पाहुण्याला बंदुकीमागे आडवं केलं आणि मोडक्यातोडक्या भाषेत तिसरी रेघ समजावून सांगितली. गोळी सुटली. मेंढा जागच्या जागी कोसळला, पाहुणा आनंदाने ओरडला, आणि त्याचं ओरडणं संपायच्या आत मेंढा उठला. धडपडत, मागचा भाग ओढत, खिंडीपलीकडे नाहीसा झाला. दीड वीत वर लागली होती गोळी, पाठीच्या कण्याला चाटून गेली होती.

सादिरबाय उठून उभा राहिला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. एकेचाळीस वर्षांत त्याच्या मापावर जनावर जखमी होऊन पळालं नव्हतं.

"कडं फिरवलंस!" तो ताश्तानवर कडाडला. "मी मोजून उठलो आणि तू बंदूक लावताना कडं फिरवलंस! गोळी वर गेली ती उगीच नाही गेली. गाढवा, सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालास, तरी तुला सोळा आणि आठ यातला फरक कळत नाही?"

 पाहुण्याला भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं, तो बिचारा बर्फाकडे बघत बसला.

ताश्तानने दुर्बिणीवरच्या नमद्याच्या झाकणावर हात ठेवला. मग काढून घेतला.

"असेल, बाइके," तो म्हणाला. "माझ्याच हाताने फिरलं असेल. माझं चुकलं."

आता आपल्या शिकाऱ्यांचा रिवाज असा, की जखमी जनावर डोंगरात तडफडत सोडून घरी यायचं नाही. आणि ज्याच्या चुकीने ते जखमी झालं, त्यानेच मागावर जायचं. एकट्याने जायचं, त्याचा जीव सोडवूनच परत यायचं. दुसऱ्या कुणी ती पायपीट करायची नाही. सादिरबायनेच हा रिवाज कॅम्पमध्ये काटेकोर पाळायला लावला होता.

"मग उभा काय राहिलायस?" तो म्हणाला. "चूक तुझी, माग तुझा. जा."

ताश्तानने बंदूक पाठीवर टाकली. थर्मासमधला चहा थोरल्याच्या पेल्यात ओतून दिला, खिशातले दोन कुर्त, सुक्या दह्याचे खारट गोळे, काढून एक त्याच्या हातावर ठेवला. "पाहुण्याला हळू उतरवा," तो म्हणाला. "आणि त्या डाव्या दगडांवरून नका जाऊ, बाइके. उजवीकडून जा, तिथे वाट रुंद आहे."

"मला वाट सांगतोस?" सादिरबाय गुरगुरला. ताश्तान हसला आणि खिंडीकडे चालू लागला.

दुपारी वारा फिरला. खिंड दिसेनाशी झाली. ताश्तान त्या दिवशी परतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सादिरबाय, झोल्चू आणि दोन याकवाले निघाले. सूर्य डोक्यावर यायच्या आत सापडला तो. आधी मेंढा सापडला, एका घळीच्या तोंडाशी, गळ्यावरून नीट सुरी फिरवलेला, मान काब्याकडे केलेली. ताश्तानने आपलं काम पुरं केलं होतं. परतताना कड्याच्या टोकाला साचलेलं बर्फ त्याच्यासकट खाली आलं होतं. तीस पावलं खाली पाय मोडून पडला होता, रात्रीच्या थंडीत गोठून गेलेला. बंदूक त्याने कोटाच्या आत छातीशी धरून ठेवली होती.

झोल्चू मोठ्याने रडला. सादिरबायला रडू आलं नाही. त्याने वाकून ती बंदूक ओढून घेतली आणि, हे सांगताना लाज वाटते पण खरं आहे, सगळ्यात आधी नमद्याच्या झाकणात हात घातला. कडं कुठल्या आकड्यावर आहे हे त्याला बघायचं होतं. आपलं बरोबर होतं हे त्याला भावाच्या प्रेतापाशी उभं राहून बघायचं होतं!

कडं हलेना. त्याने जोर लावला, तरी हलेना. मग बोटांना चिकटपट्टी लागली. कड्यावरून दुर्बिणीच्या अंगावर, पुन्हा कड्यावर, असे घट्ट वेढे दिलेले. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, त्यात हंगामभराची धूळ बसली होती. ती काल लावलेली पट्टी नव्हती. शरद ऋतूत कधीतरी लावलेली होती. ते कडं कोणालाच फिरवता आलं नसतं, पाहुण्यालाही नाही आणि ताश्तानलाही नाही.

म्हणजे माप चुकलं होतं. म्हणजे माग त्याचा स्वतःचा होता.

सादिरबायला भावाचे कालचे शब्द आठवले. दगडांवरून नका जाऊ, उजवीकडून जा, वाट रुंद आहे. ताश्तानला सगळं ठाऊक होतं. या डोळ्याने खिंड ओलांडायला गेलो असतो तर दहाव्या पावलाला खाली आलो असतो, हे सादिरबायला आता कळलं. भावाला ते कालच कळलं होतं.

"आपल्याच चुकीपायी गेला बिचारा," झोल्चू डोळे पुसत म्हणाला.

सादिरबायने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठापर्यंत आले. आणि त्याने तोंड मिटलं.

दोघांना याकांवर बांधून खाली आणलं, एकावर मेंढा आणि दुसऱ्यावर नमद्यात गुंडाळलेला ताश्तान. नदीकाठच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली. तिला दुरून फक्त शिंगं दिसली. शिकारी परतताना जो आधी भेटेल त्याने वाटा मागायचा आणि शिकाऱ्याने नाही म्हणायचं नाही, ही आपली पूर्वापार रीत. म्हातारी आनंदाने हात वर करून ओरडली, "शिराल्गा! शिराल्गा, बाळांनो! काय आणलंत डोंगरातून?"

कोणाच्याने पाऊल पुढे टाकवेना. शेवटी सादिरबायने सुरी काढली, मेंढ्याची मागची तंगडी कापली आणि म्हातारीच्या ओच्यात घातली. तेव्हा तिचं लक्ष दुसऱ्या याककडे गेलं. ती मांस छातीशी धरून तशीच रस्त्यात उभी राहिली, आणि तिचं रडणं त्यांना वळणापर्यंत ऐकू येत होतं.

चाळीस दिवस गेले. त्या चाळीस दिवसांत ताश्तानचं नाव मुर्गाबभर झालं, पण कसं? ज्याने कडं फिरवलं तो ताश्तान. बाजारात, मशिदीच्या अंगणात, पाण्याच्या रांगेत. चांगला होता हो, पण जरा वेंधळा. बुरुल पाण्याला गेली की बायका बोलणं थांबवायच्या. सादिरबायच्या कानावर हे रोज यायचं, रोज तो मनाशी म्हणायचा, उद्या सांगतो. ज्या माणसाला कोणाच्या बापाची भीती वाटली नव्हती, त्याला आपल्याच डोळ्याची भीती वाटत होती.

चाळिसाव्या दिवशी बुरुलच्या घरी जेवण होतं. तेलात बोर्सोक, कणकेचे तुकडे, तळल्याचा वास अंगणभर पसरला होता. पुरुष आत बसले होते, बायका दाराशी. कुराण वाचून झाल्यावर झोल्चू चार शब्द बोलायला लागला. "ताश्तान मनाचा मोठा होता," तो म्हणाला. "एक चूक सोडली तर..."

"गप्प बस," सादिरबाय म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. सादिरबायने पाठीमागून बंदूक ओढली. त्या दिवसापासून ती त्याच्याच घरी पडून होती. नमद्याचं झाकण उतरवलं आणि बंदूक झोल्चूच्या मांडीवर ठेवली.

"फिरव कडं."

झोल्चूने फिरवून बघितलं. "हलत नाही. चिकटपट्टी आहे." मग त्याने दुर्बीण खिडकीच्या उजेडात धरली. "पट्टीवर काहीतरी लिहिलंय."

सादिरबाय चपापला. चाळीस दिवसांत त्याने त्या पट्टीवरून हजारदा बोट फिरवलं होतं. लिहिलेलं त्याला कधी दिसलंच नव्हतं.

"वाच," तो म्हणाला.

"ताश्तानचं अक्षर आहे." झोल्चूचा आवाज बारीक झाला. "'सोळा. कोणीही हलवू नये. बाइके यानेच मोजतात.'"

त्याने बंदूक हलकेच खाली ठेवली.

"कळलं?" सादिरबाय म्हणाला. "त्याने काही फिरवलं नाही. मोजणाऱ्याचं चुकलं, मोजणारा मी. मेंढ्याचे पाय मला दिसले नाहीत. झोल्चू, दाराशी जा आणि हाताची बोटं दाखव. जा म्हणतो ना! किती आहेत ते मला सांगता येणार नाही, कारण मला तुझा हात म्हणजे नुसता डाग दिसतो. दोन वर्षं झाली. तो माग माझा होता. माझ्या जागी तो गेला, आणि त्याला मी गाढव म्हणून पाठवला."  मग सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा, ओक्साबोक्शी रडला.

दाराशी बुरुल उभी होती. थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही, कायनागा म्हणायचं, त्याच्याकडे बघून बोलायचं नाही, ही रीत तिने वीस वर्षं पाळली होती. आज तिने मान वर केली.

"मला माहीत होतं, कायनागा," ती म्हणाली. "त्या दोन दुर्बिणी आल्या, त्या दिवशीच त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, दादाचा डोळा गेलाय, पण हा हंगाम त्याला पुरा करू दे. तो संपला की मी त्याला ओशच्या इस्पितळात नेतो, तुझ्या बहिणीकडे ठेवतो, मोतीबिंदू काढून आणतो. तासाभराचं काम आहे म्हणाले. मला शपथ घातली होती. दोन आठवडे राहिले होते हो. दोनच आठवडे!" तिने डोळे पुसले. "मला तुमचा राग येतो. रोज येतो. तुम्ही चाळीस दिवस कसे गप्प बसलात?"

सादिरबायने तिच्यापुढे मान खाली घातली.

मे महिन्यात खिंड मोकळी झाली, तेव्हा बुरुलच त्याच्या दाराशी आली. "उठा," ती म्हणाली. "त्यांनी नेलं असतं. आता मी नेते." तो नको म्हणाला, मला आता काय बघायचंय म्हणाला. तिने ऐकलं नाही. त्याचा कोट स्वतः काढून त्याच्या अंगावर टाकला आणि त्याला जीपमध्ये बसवलं.

ओशला खरंच तासाभराचंच काम होतं. आठवड्याने पट्टी सुटली.

परतताना आक-बायतालच्या खिंडीत ड्रायव्हरने गाडी थांबवली, इंजिनात पाणी घालायला. सादिरबाय खाली उतरला आणि सवयीने समोरच्या उताराकडे बघितलं. अजून बर्फाचे पट्टे होते. एका पट्ट्यावर मेंढ्यांचा कळप उभा होता, दुर्बिणीशिवाय नुसत्या डोळ्याला ठिपक्यांएवढा. त्याने खिशातली जुनी, हातात धरायची छोटी दुर्बीण काढली आणि लावली. पाठ दिसली, मान दिसली. आणि खाली, पांढऱ्या बर्फावर, पांढरे पाय दिसले. गुडघ्यांच्या खालचे, खुरांपर्यंतचे. स्वच्छ.

तो दगडावर बसला.

"काय झालं, कायनागा?" बुरुलने धावत येऊन विचारलं. "दुखतंय का डोळ्यात?"

"पाय दिसतायत गं," तो म्हणाला. "चारही दिसतायत."

बुरुलने त्याच्या हातातली दुर्बीण घेतली, उताराकडे बघितलं नाही, तशीच मिटून आपल्या खिशात ठेवली. मग ती त्याच्या शेजारी दगडावर बसली, आणि ड्रायव्हर हाक मारेपर्यंत दोघंही तिथेच बसून राहिली.